तीन विषय आणि सहावी खुर्ची

ब्रुसेल्स, सोमवार

प्रिय इदालिनाताई,

आधी तुझा आशीर्वाद मागतो, मग गुडघ्याची चौकशी करतो. उतरली का सूज? कोंबड्या अंडी देतात ना? मासळीच्या कारखान्यातल्या सगळ्या जणींना नमस्कार सांग. (पत्र वाचून झाल्यावर सांगावासा वाटला तरच.) मी ठणठणीत आहे. फक्त चार दिवस जेवायला मागच्या जिन्याने जातो, कारण पुढच्या जिन्यावर माणसं भेटतात.

झालं असं की, गुरुवारी इथे युरोपीय संसदेत आमच्या समितीची मोठी सुनावणी होती. विषय तीन: सांस्कृतिक विविधता, स्त्री-पुरुष समानता आणि गरिबी. अध्यक्ष मी. व्यासपीठावर वक्ते पाच, पाचही पुरुष आणि त्यातल्या तिघांचं नाव यान. सहावी खुर्ची कामगार बायकांच्या प्रतिनिधीसाठी होती, पण त्यांच्याकडून कुणी आलंच नाही. (त्यांच्या बेजबाबदारपणावर मी दोन मिनिटं बोललोही.) फोटोवाला तयार होता आणि फोटोत बाई नव्हती. समितीच्या चिटणीस बिर्गितबाईंना विनवलं, तर त्या म्हणाल्या, मागच्या दोन्ही वेळा मीच खुर्ची भरली होती, आता लोक ओळखतील.

तेवढ्यात दाराबाहेर दोमिंगास दिसली. ती मूळची केप व्हर्देची, आपलीच पोर्तुगीज भाषा बोलते, आणि सहा वर्षं माझी खोली तीच पुसते. तिला म्हटलं, दहा मिनिटं जरा बसतेस का? तिने एप्रन काढून घडी घातली आणि येऊन बसली. मला इतकं हायसं वाटलं की शेजारच्या यानकडे वळून (त्याची बायको लिस्बनची, म्हणून त्याला आपली भाषा कळते) मी म्हणालो, "हिने तोंड उघडायची गरज नाही. नुसती बसली तरी आपले तिन्ही विषय उरकतात."

ताई, इथे मायक्रोफोनवर लाल दिवा असेपर्यंत तुम्ही जे बोलाल ते काचेच्या खोल्यांतले दुभाषे बाकीच्या तेवीस भाषांत सांगत राहतात. (त्यांचा दोष नाही, ते आपलं काम चोख करतात.) दिवा लाल होता. एकेक देश माझ्याकडे मान वळवायला लागला. फिनलंडवाले सगळ्यांत शेवटी वळले, कारण त्यांच्याकडे आपली भाषा इंग्रजीमार्गे पोचते.

दोमिंगासने मायक्रोफोन पुढे ओढला. म्हणाली, "साहेब, बसवलंच आहे तर बोलते. दर महिन्याला संसदेच्या बैठकीसाठी तुमची ट्रंक स्ट्रासबुर्गला जाते, त्यात तुमच्या बहिणीची पत्रं असतात. बंद जातात, बंद परत येतात. वरची धूळ मी पुसते. घरातल्या एका बाईचं वाचायला तुम्हाला सवड नाही, मग एवढ्या जणांना कशाला बोलावलंत?"

हेही तेवीस भाषांत गेलं.

पत्रं मी टाकून दिली नव्हती, हे शपथेवर सांगतो. उलट 'तातडीचे' म्हणून बाजूला ठेवली होती. इथे जे तातडीचं असतं ते ट्रंकेत जातं, आणि ट्रंकेत गेलेलं कुणी उघडत नाही. तू घरी बसून माझ्याइतकाच प्रवास केलास म्हण ना.

विनोद पुरे. मला लाज वाटते. तू तारल्या साफ करकरून मला शिकवलंस हे मी प्रत्येक निवडणुकीत सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. पण तुझ्या हाताला वास यायचा म्हणून शाळेच्या फाटकाशी मी तुझा हात सोडायचो, ते आजवर कुठल्याच भाषणात आलं नाही. त्या दिवशी खुर्चीत दोमिंगास नव्हती, तूच होतीस, आणि मी पुन्हा हात सोडला.

दुसऱ्या दिवशी तिची माफी मागायला कॉफी घेऊन गेलो. ती म्हणाली, कॉफी तिथे ठेवा, आणि ओल्या लादीवरून चालू नका.

तुझा अपराधी भाऊ,
आदेरितो

ता. क. पत्रं आज वाचणारच होतो, पण ट्रंक सकाळीच स्ट्रासबुर्गला गेली. तेव्हा त्यांत काय होतं ते तूच कळव. थोडक्यात चालेल.

ता. क. २ (शुक्रवार) वरचं पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं. ट्रंक आली. चारही पत्रं वाचली. शेवटच्यावर सुनावणीच्या तीन आठवडे आधीची तारीख आहे. तू लिहिलंयस, "समितीपुढे बोलायला बायकांनी मला निवडलंय. तुला माझी लाज वाटणार नसेल तर कळव, म्हणजे येते."

सहावी खुर्ची तुझी होती, ताई.

ता. क. ३ पुढची सुनावणी नऊ तारखेला आहे. ये. विमानतळावर दोमिंगास येईल, मी वेळेवर पोचेन असं तिला वाटत नाही. उत्तरही तिच्याच पत्त्यावर पाठव, पाकिटाच्या मागे लिहिलाय. तिच्याकडे पत्र उघडलं जातं.