चालणारेच पडतात

प्रिय वकीलबाई,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे लिहून पाठवते आहे. आता तोड मधेच! तुझे बाबा बरे आहेत. जेवतात, पेपरातल्या बातम्यांवरून माझ्याशी भांडतात, पण पलंगावरून पाय खाली ठेवत नाहीत. अर्धांगाचा झटका ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. तू तिकडून बजावलंस, मी येईपर्यंत जागचे हलू नका. दादाने जन्मात कधी माझं ऐकलं नाही, तुझं मात्र मुकाट ऐकतो आहे. पाय बघवत नाहीत त्याचे, इतके वाळलेत. तू येईपर्यंत ते त्याला उभं करतील की नाही, याची मला धास्ती वाटते.

तुझी भीती कळते मला. झटक्यानंतर वॉर्डात चालणारे रुग्ण जास्त पडतात, असं तू ज्या लेखात वाचलंस ना, ती पाहणी आमच्याच रुग्णालयातली. आमचे डॉक्टर आणि मी वर्षभर नुसतं बघत होतो. कोणाला उठवायचं नाही, कोणाला अडवायचं नाही, कोण चाललं नि कोण पडलं तेवढं टिपायचं. सेवेला दुसऱ्या नर्स होत्या, तरी माझे हात शिवशिवायचे. पहिला तक्ता हाती आला आणि आमची तोंडं उतरली. चालणारेच पडले होते! कोणीतरी घाईघाईने ते छापायलाही दिलं. मग एक दिवस चहा पिता पिता डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. जो अंथरुणातून उठतच नाही, तो पडणार कुठून? ज्यांना कूसही बदलता येत नव्हती, त्यांच्याशी आम्ही चालत्या माणसांची तुलना करत बसलो होतो. पुन्हा सगळं मांडलं, सारख्या ताकदीची माणसं शेजारी शेजारी ठेवून. पडण्यात फारसा फरक उरला नाही, आणि चालणाऱ्यांतले कितीतरी जास्त जण आपल्या पायांनी घरी गेले. त्याची बातमी मात्र कुठे झाली नाही.

नुसतं बघून सगळं सिद्ध होत नाही, हे मीही जाणते. दादा पडणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. पण धरायला मी आहे, आणि अजून माझ्या दंडात जोर आहे.

आता खरं कारण सांगते. काल चहा घेऊन गेले, तर स्वारी पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही पाय जमिनीवर. मला बघताच चोरासारखे वर ओढून घेतले आणि म्हणाला, "पोरीला सांगू नकोस हं, रागावेल." मला हसू आलं आणि रडूही. त्याला उठायचंय गं, फक्त तुझा शब्द मोडवत नाही. उद्या सकाळी व्यायाम करवून घेणाऱ्या बाई येतील. या वेळीही नाही म्हणाला, तर त्या पुन्हा यायच्या नाहीत. त्याआधी फोन कर. माझ्याशी भांडायला नको, त्याच्याशी बोल. बाबा, उठा म्हण.

तुझीच,
तुझ्याहून हट्टी आत्या