वजा अठराच्या वर

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून इकराचं गणित मी घेणार. सहावीला पूर्णांक संख्या आल्यात, धन आणि ऋण. शनिवारी चाचणी, त्यातून चिपळूणच्या गणित स्पर्धेला मुलं निवडणार. इकराला जायचंच आहे. बॅग कुठली न्यायची तेही ठरवून झालंय. बायको हफीजा म्हणाली, शिकवणी लावू या. तिला म्हटलं, कुवेतला मी अख्खं स्टोअर सांभाळलंय, घरच्या पोरीला बाहेरचा मास्तर कशाला? रोज संध्याकाळी एक तास. लिहून ठेवलं की मोडत नाही.

९ सप्टेंबर
मोडलं. बंदरावर कोळंबी उशिरा उतरली. उद्या दोन तास.

१० सप्टेंबर
आमच्या मासळी कंपनीच्या कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर अरशद लांज्याला गेला, सासऱ्यांना बरं नाही. शेठनी फ्रीझर माझ्या हवाली केला. एरवी मी वजनकाट्यावर असतो, पण गुण लपत नाहीत. फोनवर एकच सूचना, मायनस अठराच्या वर जाऊ द्यायचं नाही. मीटर बघतो तर मायनस बावीस! अरशदबद्दल वाईट बोलणार नाही, पण हा बेजबाबदारपणा झाला. लगेच खाली आणून मायनस बारावर ठेवला. लाइट बिलही वाचेल.

संध्याकाळी इकराने विचारलं, वजा बारा मोठी की वजा अठरा? म्हटलं, बारापेक्षा अठरा मोठे, आधी वजा लावल्याने आकड्याची अक्कल बदलत नाही. ती म्हणाली, बाई फळ्यावर रेघ काढतात, शून्याच्या डावीकडे जावं तशी संख्या लहान होते. रेघा लहान मुलांसाठी असतात. मी आज हे हाताने करून आलोय. तिने स्वतःचं उत्तर खोडून माझं लिहिलं. डोकं माझ्यावर गेलंय.

११ सप्टेंबर
फ्रीझर मायनस सहा. अठराच्या कितीतरी खाली. शेठनी सांगितलं त्याच्या तिप्पट काळजी घेतोय.
गणित घेतलं नाही, डोळा लागला. उठलो तर इकरा समोर उभी. "अब्बा, नक्की ना?" म्हटलं, माझी नोकरी याच्यावर चाललीय.

१२ सप्टेंबर
मायनस दोन. याहून खाली आणायला फारसं काही उरलं नाही.
आज जाकीट न घालता आत गेलो. माणसाला थंडीची सवय होते.

१३ सप्टेंबर, शनिवार
चाचणी झाली. इकराने मी सांगितलं तस्संच लिहिलं. चिपळूणला मीही जाईन, शेठकडे रजेचं बोलायला हवं.
गोठवलेल्या कोळंबीचे ब्लॉक कडेला मऊ लागले. माल आला तेव्हाच तसा असणार.

१५ सप्टेंबर, सोमवार
शेठ आले. मीटर बघितला. एका ब्लॉकवर बोट दाबलं, बोट आत गेलं. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, गार करायचं तर मायनसपुढचा आकडा वाढवायचा, अयूब. सगळा माल खतात जाणार. मला वजनकाट्यावर जायला सांगितलं. गेलो. मासे तोलले. वाईट वाटायला हवं होतं, पण काही वाटलं नाही.

घरी इकराचा पेपर आला होता. चिपळूणच्या मुलांत तिचं नाव नाही. वर्गात आठवडाभर बरोबर सोडवलीस, मग पेपरात सगळी उलट कशी, असं बाईंनी विचारलं. इकराने सांगितलं, घाईत चुकलं. मी म्हटलं, अब्बांनी शिकवलं म्हणून का नाही सांगितलंस?
"तुमाला शाळेत बोलावलं असतं," ती म्हणाली आणि पेपर दप्तरात घातला.
तेव्हाही काही वाटलं नाही. जेवलो. बांगडा होता.

१६ सप्टेंबर
चूक माझी होती हे इकराला सांगायचं ठरवलं. शेठची सूचना मोघम होती, तेही सांगायला हवं. पण ती अभ्यासात होती. उद्या.

१७ सप्टेंबर
संध्याकाळी लवकर आलो. हात-पाय धुऊन सतरंजीवर बसलो, शेजारी जागा ठेवली. इकराने गणिताचं पुस्तक घेतलं, माझ्या समोरून गेली आणि स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली.
तिथे उजेड बरा आहे.