पहिल्या तिनात

बाबा, परवा रिसोडच्या बाजूला शंकरपट पाहायला गेलो होतो. बंदी उठल्यापासून बैलांच्या शर्यतींना पुन्हा जोर आला आहे. जोडीनं किती सेकंद घेतले ते आता मोठ्या पडद्यावर दिसतं, पण बांधाआड पैसे लावणारे तसेच आहेत. एक जण सोबत्याला समजावत होता, "एकाच जोडीवर कायले मरून राह्यला? चार जोड्या धर, थोडे थोडे लाव, अन् पयल्या तिनातच लाव." शब्दन् शब्द तुमचा. मी तिथून उठलोच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा भित्रेपणा काही मेला नाही.

तुमची पद्धत मला तोंडपाठ आहे. घरून निघतानाच पैशांचे दोन भाग. एक बंडीच्या आतल्या खिशात, त्याला पटावर हात लावायचा नाही. उरलेल्याचे चार सारखे वाटे, चार जोड्यांवर. जोडी पहिली येईल यावर कधीच नाही. पहिल्या तिनात आली तरी बास. एक लागली की मुद्दल आत आणि पुढच्या जोडीवर निम्मेच. दोन हुकल्या की धूळ झटकून उठायचं. दिवसभर उन्हात भाजून तुम्ही चहा-भज्यांपुरतं कमवायचे आणि चुलीपाशी आईला ऐटीत सांगायचे, "आपुन बुडलो नाई." आई भाकरी उलटता उलटता म्हणायची, "जिंकले कधी ते सांगा." तुम्ही हसायचे. मला त्या हसण्याची शिसारी यायची.

हे सगळं मी विसरलो असतो. मालेगावजवळचा तो पट मात्र विसरता येत नाही. त्या दिवशी आपलीच जोडी धावत होती आणि छकड्यावर दादा होता. दोन वर्षं त्यानं ते गोऱ्हे पोटच्या पोरांसारखे वाढवले. रोज सकाळी नदीच्या वाळूत तो त्यांना पळवायचा, मी घड्याळ धरायचो. आणि तुम्ही, त्याचे बाप, त्याच्यावर पैसे लावलेत ते तिनात!

दादा पहिला आला. गुलालात माखलेला, धापा टाकत तो तुमच्याकडे धावला, तर पैसे लावून घेणारा माणूस दात काढत म्हणाला, "तुया बापालेच तुयावर भरोसा नोहता रे. तिनात लावले त्यानं."

"खरं हाय का, बाबा?"

"हो. मले तसंच वाटलं," तुम्ही म्हणालात.

बस्स, एवढंच. दादानं कासरा माझ्या हातात दिला आणि पुन्हा कधी छकड्यावर बसला नाही. दोन महिन्यांत पुण्याला कारखान्यात गेला. तुम्ही गेलात तेव्हाही आला नाही. मी गावभर सांगत फिरलो की असला बाप वैऱ्यालाही मिळू नये.

काल त्याचा फोन आला. पटाचा विषय काढताच म्हणाला, "मले नोको सांगू. ज्याच्या बापाले भरोसा नाई, त्यानं कायले पाहावं पट?" मी नेहमीसारखं पुण्याच्या पावसापाण्याचं विचारलं.

बाबा, त्या दिवशी तुम्ही बंडीतले पैसेही बाहेर काढले होते. आयुष्यात पहिल्यांदा. सगळे मुठीत धरून तुम्ही मला विचारलंत, "सारे पयल्यावरच लावतो आज. घड्याळ तुयाजवळ राह्यते, तू सांग. येते का दादा पयला?" येणार हे मला ठाऊक होतं. घरात, गावात सगळं दादाचंच कौतुक चाललेलं असायचं, मी फक्त घड्याळ धरणारा. जळत होतो मी. म्हणालो, "नाई येत. तिनातच लावा."

तुम्ही माझं ऐकलंत आणि दादासमोर माझं नाव घेतलं नाहीत, शेवटपर्यंत घेतलं नाहीत.

हे पत्र खरं तर पुण्याला जायला हवं. दादाचा पत्ता माझ्याकडे आहे. पण तो माझ्याशी अजून बोलतो, आणि तेवढं मला सोडवत नाही.