वर मनातलं, खाली खात्रीचं

७ जुलै
माझ्या चष्म्याचं घर सरकारजमा झालं आहे. चौदा वर्षं इमानेइतबारे सेवेत होतं. आज सकाळपासून इंजिनिअरिंग प्रवेशाच्या, गेल्या वर्षीच्या कटऑफच्या कागदांवर वजन म्हणून रुजू. चष्मा निराश्रित, पेपरच्या घडीत झोपतो. रीतसर तक्रार नोंदवली. कन्या मुक्ता म्हणाली, "बाबा, मग पंखा बंद करू का?" तक्रार मागे घेतली.

कागदांचा ढीग. कॉम्प्युटर शाखेला कुठलं कॉलेज किती टक्क्यांवर थांबलं, सगळं. हिरवी पेन्सिल : लागणारच. पिवळी : लागलं तर लागलं. लाल : हसू नका. संस्कृत पाठशाळेत सात वर्षं काढून मला एवढी काटेकोर वर्गवारी जमली नाही. सुभाषित ओठावर आलं होतं, गिळलं.

९ जुलै
शेजारचे निवृत्त सुभेदार पुतणीची कॉलेजांची यादी घेऊन हजर. पहिल्या नंबरला साताऱ्याचं कॉलेज.
"खात्रीचं हाय म्हणून वर ठेवलंय गं. लागलं की सुटलो."
मु. : "काका, पहिलं लागलं की कुलूप. खालची यादी कुणी बघत नाही. तिला सांगलीसुद्धा लागू शकतं! वर मनातलं, खाली खात्रीचं."
सुभेदारांनी यादी उलटी धरून पाहिली. मग, "आयला, म्हंजी राखीव तुकडीच पुढं धाडली व्हय आमी!" जाताना मला, "आवं, पोरगी लय हुशार. तुमच्यावर न्हाई गेली."
मान्य.
संध्याकाळपर्यंत शिराळ्यातल्या आणखी चार याद्या अशाच सुलट्या केल्या तिने. चहा खात्याचा कार्यभार माझ्याकडे.

१० जुलै
मी शिराळ्याचा वार्ताहर; आज पेपरला नागपंचमीच्या तयारीची बातमी. नेहमीसारखी मी सांगितली, मु.ने टाइप केली. मधेच, "बाबा, 'उत्साहाचे वातावरण' तिसऱ्यांदा." काढलं. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितल्यापासून ही व्यवस्था. सौ. कोयनानगरला नर्स, रविवारी येते. बाकी सहा दिवस माझे डोळे आणि माझं संपादक मंडळ, दोन्ही मु.
तिचं पुण्याचं कॉलेज पिवळ्यात. मी म्हणतो, हिरवं कर. ती म्हणते, "काठावर आहे. पण लागेल बहुतेक."

११ जुलै
टेबलावर मु.चा स्वतःचा फॉर्म होता. भिंग घेऊन वाचला.
१. सांगली. २. पुणे.
सांगली हिरव्या पेन्सिलीतलं. लागणारच. म्हणजे कुलूप.
"चुकून खालीवर झालं का गं?"
"नाही."
"मग सुभेदारांना सांगितलेला नियम?"
"तोच पाळलाय. मनातलंच वर आहे." जरा वेळाने, "सांगलीची बस सकाळी सव्वासहाला. रात्री आठपर्यंत घरी. बातमी आठनंतर पाठवली तर चालते ना?"
चालते, म्हणालो. उगाच चष्मा पुसला.

फॉर्म उद्या पाचपर्यंत बदलता येतो. 'पुणे वर घे', एवढंच म्हणायचं. तीन शब्द. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, हे तीन...

मु.ला कॉम्प्युटर मिळेल का, ही काळजी मला कधी नव्हतीच. यादीत सांगली वर दिसली तेव्हा मला आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं. डोळ्याचं डॉक्टर बघतील. उद्या पाचच्या आत मी तोंड उघडेन, याची मला खात्री नाही.