हिरवी गाडी उभी राहू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, वय चोवीस वर्षे, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतील कनिष्ठ तपासनीस, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे, बुद्धी शाबूत आहे आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. आईचे दडपण आहे, परंतु ते हे लिहू नये यासाठी आहे, त्यामुळे ते धरायचे नाही, असे वकिलांनी सांगितले.

वकिलांनी आधी वय विचारले आणि म्हणाले, "मग एवढी घाई कसली?"

"सोमवारपासून गाडीने कामावर जाणार आहे."

"सगळेच जातात की."

"गाडी एकेचाळीस वर्षांची आहे. आणि लायसन्स तीन आठवड्यांचं."

मग त्यांनी पेनाचे टोपण काढले.

आमच्या घरात लिहून ठेवण्याची रीत नव्हती, कारण माझ्याआधी कोणाला लिहिता येत नव्हते. बाबांनी सगळे तोंडी सांगितले, आणि तोंडी सांगितलेले ज्याला सोयीचे तसे आठवते. म्हणून हा कागद. यात काही विनोदी वाटल्यास वाचणाऱ्याने हसावे, पण कलमे पाळावीत.

१. घर. दोन खोल्या, मागचे अंगण आणि पत्र्याची शेड यांतील माझा हिस्सा संपूर्णपणे आईला मिळावा. "मुलीला शिकवून काय दिवे लावणार आहेस?" असे काकांनी बाबांना ज्या पायरीवर बसून विचारले होते, ती पायरीही त्यातच येते.

२. बँकेतील माझी बचत धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी वापरावी. तिने मध्येच कॉलेज सोडून गाड्यांचे काम शिकायचे ठरवले, तर तेही शिक्षणच समजावे. आईने यावर वाद घालू नये.

३. गाडी. बाबांनंतर ती माझ्या नावावर झाली. हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

गाडी फिकट हिरव्या रंगाची, चार दारांची आहे. गियरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली आहे. दार लावले की तिजोरी लावल्यासारखा एकच आवाज होतो, खडखड नाही. सकाळी चोक ओढून ती सुरू केली की आधी कुरकुरते, मग घसा साफ करते, मग अशी एका लयीत चालू राहते की बोनेटवर ठेवलेल्या पेल्यातले पाणी फक्त शहारते. हे मी करून पाहिले आहे. मी रोज यंत्रांसोबत काम करते, पण आपले काम इतके न लपवणारे यंत्र दुसरे पाहिलेले नाही. बोनेट उघडले की कोणता भाग काय करतो ते दिसते. आताच्या गाड्यांत झाकणाखाली आणखी एक झाकण असते.

गाडी मूळची डॉक्टरीणबाईंची. बाबा त्यांच्याकडे तीस वर्षे ड्रायव्हर होते. बाई बाळंतपणांना जात, बाबा बाहेर गाडीत थांबत, आणि शाळा सुटली की मी त्यांच्यासोबत. माझा सगळा अभ्यास मागच्या सीटवर झाला. बाबांना फक्त आकडे वाचता येत, तेही काट्यांवरचे आणि नंबरप्लेटवरचे. पण ते पुढे बसून म्हणायचे, "मोठ्यानं वाच. गाडीलाही कळू दे." मी अडखळले की आरशातून बघायचे. त्यांना चूक कळत नसे, अडखळणे कळायचे. निवृत्त होताना बाईंनी गाडी बाबांच्या नावावर करून दिली. बाबा घरी, खुर्चीत, चहा पिऊन गेले. गाडीचा त्यात काही दोष नव्हता, हे मुद्दाम नोंदवते, कारण नातेवाइकांत वेगळे बोलले जाते.

४. आमची चूक. बाबा गेल्यावर चौदा महिने आम्ही गाडी हलवली नाही. वाईट हेतूने नव्हे. आई म्हणाली, "त्यांची आठवण आहे, झिजवायची नाही." मी शेडमध्ये कव्हर घातले, बॅटरीची वायर काढून ठेवली. दर रविवारी आम्ही तिघी तिला पॉलिश करायचो. आई सीटवर डांबराच्या गोळ्या ठेवायची. एकदा तिने टायरसुद्धा ओल्या फडक्याने पुसले. गल्लीत कौतुक होत होते, आणि आम्हाला ते आवडत होते. दुसऱ्याची गाडी जपण्यात ज्या घराची एक पिढी गेली, त्या घराला वापरणे म्हणजे बिघडवणे वाटते. आम्हाला पुसणे तेवढे येत होते.

माझे लायसन्स आल्यावर (तिसऱ्या परीक्षेत. धाकटीचे पहिल्याच परीक्षेत आले होते, आणि ती हे विसरू देत नाही) फिटरमामांना शेजारी बसवून मी गाडी बाहेर काढली. फिटरमामा हे बाबांचे मित्र. ही गाडी बाबांखालोखाल त्यांनाच कळते. पाण्याच्या टाकीच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला टेकले. मी पुन्हा दाबले. पुन्हा तळाला. मामांनी हँडब्रेक ओढला आणि मला म्हणाले, "गियर खाली. घाबर नंतर." शाळेच्या कुंपणाच्या भिंतीपासून एका विटेच्या अंतरावर गाडी थांबली. माझे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. मामांनी एकेक बोट सोडवले.

गॅरेजमध्ये त्यांनी ब्रेकचा पंप उघडून दाखवला. आतली रबरे तडकलेली, ऑइल कोऱ्या चहासारखे काळे. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर झालेला.

"मी रोज चालवली असती तर काय झालं असतं?" मी विचारले.

"रोज चालवली असतीस तर पेडल मऊ पडतंय हे तुला आठ दिवस आधी कळलं असतं." हात पुसत ते म्हणाले, "बाई, ही गाडी चालवून नाही बिघडली. पुसून बिघडली."

हे वाक्य मी आईला तीन दिवसांनी सांगितले. त्या रविवारी तिने फडके धुऊन दोरीवर वाळत घातले आणि आत आणलेच नाही.

५. दुसरी बाजू. मला शिकवले आहे ते नमुना दोनदा तपासायला, म्हणून विरुद्ध मतही लिहिणे भाग आहे. ड्रायव्हिंग शाळेच्या बाईंनी मला गाडी शिकवली, आणि त्या या बेताच्या विरुद्ध आहेत. त्या माझ्यासोबत गॅरेजमध्ये आल्या आणि मामांशी भांडल्या.

"नव्या गाडीत एअरबॅग असते, चाक घसरू न देणारे ब्रेक असतात," बाई म्हणाल्या. "ह्या गाडीत काय आहे?"

"बॅग नाही. डोळे आहेत," मामा म्हणाले. "काच बघा केवढी. चारी बाजूंनी दिसतं."

"नवशिकीच्या हातून चुका होणारच. ही गाडी चूक माफ करत नाही."

"म्हणून तर शिकेल."

"शिकायला जिवंत राहायला हवी ना."

मामांनी दार उघडून पुढच्या सीटशेजारचा खांब चाचपला. मग म्हणाले, "पुढे पट्टे बसवून देतो. तीन टोकांचे. सांगाड्याला भोकं पाडून पक्के बसवतो. तेवढं तुमचं खरं."

मी दोघांचेही ऐकले आणि दोन रात्री नीट झोपले नाही. प्रयोगशाळा अठरा किलोमीटरवर, धरणाजवळ आहे. दोन बस बदलाव्या लागतात आणि दुसरी कधी येते ते तिलाच ठाऊक. गाडी लागणारच आहे. नवी छोटी गाडी हप्त्याने घेता येईल आणि ती माझ्या चुका माझ्यापासून लपवील. टक्कर झालीच तर ती माझा जीव अधिक चांगला वाचवील, हेही खरे. मी ते नाकारत नाही. पण माझे मत शेवटी असे झाले: जिला यंत्राचा आवाज ऐकायची सवय आहे, जी आठवड्याला ऑइल, ब्रेक आणि हवा बघेल, जी हळू जाईल आणि हायवेवर जाणार नाही, अशा नवशिक्या ड्रायव्हरने जुनी गाडी रोज वापरावी. जिला हे जमणार नाही, तिने अजिबात वापरू नये, रविवारीही नाही. रविवारपुरती चालवलेली जुनी गाडी सर्वांत धोक्याची, कारण तीही विसरलेली असते आणि चालवणारीही.

६. हत्यारे. बाबांचे पाने, जॅक आणि तेलाची झारी गाडीबरोबर जावीत. चौदा नंबरचा पाना सहा वर्षांपूर्वी फिटरमामांनी "आत्ता आणून देतो" म्हणून नेला. तो आता त्यांचाच समजावा. त्यांचे "आत्ता" संपायची वाट बघण्याइतके आयुष्य कोणाकडेच नाही.

७. काका. काकांना गाडी त्यांच्या हॉटेलच्या दारात उभी करायची आहे. टायर काढून, विटांवर, रंगीत दिवे लावून. "लोक फोटो काढतील, नाव होईल," असे त्यांनी आईला दोनदा सांगितले. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. गाडीचे कव्हर मी त्यांना देत आहे. ते जवळजवळ नवे आहे आणि आम्हाला यापुढे लागणार नाही.

८. माझ्यानंतर गाडी धाकटीला मिळावी. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. हे ती एकदाच वाचेल अशी आशा. अटी अशा: पट्टा नेहमी. पुढच्या गाडीपासून इतरांच्या दुप्पट अंतर. पाऊस असेल तर तिप्पट. कॉलेजला जाताना मागे दोनच मैत्रिणी, तिसरी बसने येईल, कितीही रडली तरी. पेडल बोटभर जरी खाली गेले तरी त्याच दिवशी मामांकडे. तिने गाडी विकली तर चालवणाऱ्याला विकावी, ठेवणाऱ्याला नको.

आठवे कलम मी धाकटीला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "ताई, हे सगळं तू मेल्यावर. पण तू घाबरून गाडी शेडमध्येच ठेवलीस तर?"

"तसं होणार नाही."

"मागच्या सोमवारी पण म्हणालीस."

हे खरे आहे. मागच्या सोमवारी मी चावी हातात घेऊन शेडपर्यंत गेले आणि बसने कामावर पोचले. त्याआधीच्या सोमवारीही. आईला मी बॅटरीचे कारण सांगितले होते. बॅटरी नवी आहे. ते खोटे इथे दुरुस्त करते. म्हणून रात्रभर विचार करून पुढचे कलम घातले. असे कलम मृत्युपत्रात असते का, हे वकिलांना विचारलेले नाही.

९. मी हयात असताना, आजारपण किंवा गॅरेजचे काम सोडून अन्य कोणत्याही कारणाने सलग तीस दिवस गाडी चालवली नाही, तर गाडीपुरते मला मयत समजावे. एकतिसाव्या दिवशी सकाळी धाकटीने मला न विचारता चावी घ्यावी. मी रडले तरी द्यावी लागेल. बाकीच्या बाबतीत मला जिवंत धरावे आणि जेवायला बोलवावे.

वरील मजकूर वाचून, समजून मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही, तो पाना वगळता. तो त्यांच्याकडे आधीपासूनच आहे.

सही: मोठी मुलगी, पाणी तपासनीस

साक्षीदार १: फिटरमामा (सही. पाना कबूल.)

साक्षीदार २: ड्रायव्हिंग शाळेच्या बाई (सही. "सही केली म्हणजे पटले असे नाही. पहिला आठवडा मी शेजारी बसून येणार आहे.")

स्थळ: घरामागची शेड, दार उघडे, गाडी सुरू

दिनांक: नऊ, सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. बस सव्वासातला आहे. ती जाऊ दिली.