करडीले जाताना सासूबाईंसाठी

आई,

मी माहेरी, करडीले जाऊन राहिली. भात झाकून ठेवला आहे. बीपीची गोळी जेवल्यावर घ्या.

काल पिक्चरमध्ये त्या जुन्या काळातल्या पोरीचा नवरा दुसरी बायको घेऊन घरी आला, तेव्हा तुम्ही माझा हात धरून रडल्या. घरी येऊन मी काहून म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "अंकुरनं पुण्यात दुसरा संसार मांडला. मले दिवाळीपासून माहीत आहे. तू जाशील म्हणून सांगितलं नाही."

तुमच्यावर राग नाही. या घरात आली तेव्हा मले साडीच्या निऱ्याही जमत नव्हत्या, तुम्हीच शिकवल्या.

मले न्यायले येऊ नका, आई. तुम्ही आल्या तर मले नाही म्हणता येणार नाही.

चंदा