दाताखालचा घेवडा

आई,

घेवड्याचा दाणा दाताखाली धरूनच तुला लिहिते आहे. तू सांगितलंस तसा चावून पाहिला, तर दाताची खूण उमटली. म्हणजे अजून ओल आहे. तुझ्या डब्यातल्या बियाण्याला भुंगा लागल्यापासून एवढाच घेवडा उरलाय, म्हणून भरून ठेवायची घाई करत नाही.

शेंगा गॅलरीतल्या दोरीवर टांगल्यात. ऊन जेमतेम येतं, पण पुरतं. तुझे जावई रोज विचारतात, "हे दागिने पातेल्यात कधी उतरणार?"

"आधी आईचं बियाणं, मग तुमचं पोट," मी म्हणते.

तुझी कवळी आता टोचत नाही ना? बाबा जेवतात ना नीट?

दाणे चावणारी तुझी,
धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलंच, चार दिवसांनी आज सकाळी पुन्हा चावला. खूण नाही, दातच दुखला! तुझ्यासाठी मूठभर बांधून ठेवला आणि उरलेला भिजत घातला.